शुद्ध हवेचा वास

वीज कडाडून गेल्यानंतर, किंवा विजेच्या ठिणग्या उडविणाऱ्या यंत्राजवळ उभें राहिलें असतां, एक तीव्र व किंचित् झोंबणारा वास नाकांत शिरतो. हा वास मनुष्यजातीच्या फार जुन्या ओळखीचा आहे. ग्रीक महाकवि होमर यानें वज्रपातानंतर सुटणाऱ्या गंधकाच्या वासाचा उल्लेख केलेला आहे. तो वास गंधकाचा नव्हे. परंतु तो कशाचा, हें कळण्यास एकोणिसावें शतक बरेंच पुढें जावें लागलें. त्या एका वासानें विज्ञानाला एक नवा वायु दिला, वैद्यांना एक आशा दिली, व्यापाऱ्यांना खपाऊ माल दिला, आणि अखेर कायदे करणाऱ्यांपुढें एक प्रश्न टाकला. घरांतील हवा शुद्ध व्हावी म्हणून घरांतच ओझोन उत्पन्न करणारीं यंत्रें विकूं द्यावीं कीं नाहीं, हा तो प्रश्न होय. या प्रश्नाचा इतिहास मनोरंजक तर आहेच. पण ज्या घरांत दम्यानें बेजार झालेलें एखादें मूल रात्र रात्र बसून काढतें, त्या घराला तो केवळ मनोरंजक नाहीं.

हॉलंडांतील हार्लेम या शहरीं टायलर यांच्या नांवानें चालणाऱ्या संस्थेंत मार्टिनस फान मारुम नांवाचा एक वैज्ञानिक होता. त्यानें स्थिर विद्युत् उत्पन्न करणारें एक प्रचंड यंत्र करवून घेतलें होतें. त्यांतील दोन कांचेच्या तबकड्यांचा व्यास सुमारें साडेपांच फूट होता, यावरून त्या यंत्राच्या आकाराची कल्पना येईल. इ. स. १७८५ च्या सुमारास त्यानें प्राणवायूंतून विजेच्या ठिणग्या सोडल्या, तेव्हां त्या वायूला एक विलक्षण वास येऊं लागला. हा विद्युत्-द्रव्याचाच वास असावा असें त्याला वाटलें. निरीक्षण बिनचूक होतें. अनुमान मात्र चुकलें. पुढें सुमारें पन्नास वर्षें हा विषय तेथेंच पडून राहिला.

तो पुन्हां उचलला स्वित्झर्लंडमधील बाझल विश्वविद्यालयाच्या एका रसायनशास्त्रज्ञानें. क्रिस्तिआन फ्रीड्रिख शोनबाइन हा मूळचा जर्मनीचा. इ. स. १८३९ मध्यें विजेच्या योगानें पाण्याचें पृथक्करण करीत असतां, ज्या टोंकाशीं प्राणवायु सुटतो त्याच टोंकाशीं तो वीज पडल्यासारखा वास येतो, हें त्याच्या ध्यानांत आलें. वास जर विजेचा असता तर तो दोन्ही टोंकांशीं यावयास पाहिजे होता. शिवाय तो बाटलींत भरून ठेवतां येतो, हेंही त्यानें पाहिलें. अर्थात् हा एक स्वतंत्र पदार्थ होय, असें त्यानें ठरविलें, आणि ‘वास येणें’ या अर्थाच्या ग्रीक धातूवरून १८४० सालीं त्याला ‘ओझोन’ असें नांव दिलें. पदार्थाच्या नांवांतच वास आहे, ही गोष्ट पुढील सर्व कथेला लागू पडणारी आहे. हा ओझोन म्हणजे प्राणवायूचेंच एक रूप, नेहमींच्या प्राणवायूच्या कणांत दोन परमाणु असतात तर याच्या कणांत तीन असतात, हें जिनीव्हाच्या सोरे या शास्त्रज्ञानें १८६५ मध्यें दाखवून दिलें. तो तिसरा परमाणु फार सैल असतो. तो सुटून ज्या वस्तूला भेटेल तिला जाळूं पाहतो. ओझोनाचे सर्व गुण आणि सर्व दोष या एका उतावळ्या परमाणूच्या पोटीं आलेले आहेत.

हवेंतील ओझोन ओळखण्याची एक सोपी युक्तीही शोनबाइननेंच काढली. कागदाच्या पट्टीला खळ आणि पोटॅशियम आयोडाइड लावून ती हवेंत टांगावयाची. ओझोनाच्या संसर्गानें ती निळी पडते. निळेपणा जितका गडद तितका ओझोन अधिक. साधन स्वस्त व सोपें असल्यामुळें युरोपांत ठिकठिकाणीं डॉक्टर, धर्मोपदेशक आणि हौशी निरीक्षक आपापल्या अंगणांत अशा पट्ट्या टांगूं लागले. दमट हवा, सोसाट्याचा वारा, ऊन आणि हवेंतील दुसरे वायु यांनींही पट्टीचा रंग बदलतो, ही अडचण पुढें कळून आली. परंतु तोंपर्यंत आंकड्यांचे ढीग जमले होते, आणि आंकडे जमले कीं त्यांतून सिद्धांत निघण्यास वेळ लागत नाहीं.

तो काळ पटकीच्या सांथींचा होता. रोग हे कुजक्या पदार्थांतून निघणाऱ्या विषारी वाफांनीं होतात, असें त्या वेळचे बहुतेक विद्वान् मानीत. दुर्गंध हेंच रोगाचें बीज असेल, तर दुर्गंध जाळून टाकणारा ओझोन हा निसर्गानें ठेवलेला झाडूवालाच ठरतो! जेथें ओझोन कमी तेथें पटकी अधिक, असा संबंध लावण्याचा प्रयत्न अनेकांनीं केला. कांहीं ठिकाणीं आंकडे जुळले, कांहीं ठिकाणीं जुळले नाहींत. मात्र १८५४ सालीं लंडनमध्यें डॉ. जॉन स्नो यांनीं ब्रॉड स्ट्रीटवरील पाण्याच्या पंपाकडे बोट दाखविलें, आणि १८८४ सालीं कलकत्त्यास रॉबर्ट कॉख यांनीं पटकीच्या जंतूंवरील आपलें संशोधन पुरें केलें. रोग हवेंत नव्हता, पाण्यांत होता. दुर्गंध आणि रोग हे एकाच घाणींतून निघालेले असूं शकतात; पण एकाला घालविलें म्हणजे दुसरा जातोच असें नाहीं. हा धडा शास्त्रज्ञ शिकले. ओझोनाच्या भक्तांनीं मात्र तो फारसा मनावर घेतला नाहीं.

याहून महत्त्वाची एक गोष्ट त्यांनीं दृष्टीआड केली. ओझोनाचा जनक जो शोनबाइन, त्यानेंच हा वायु हुंगल्यानें छातींत दुखतें, दम लागतो व खोकल्याची उबळ येते, हा स्वानुभव नमूद करून ठेवला होता, आणि उंदीर त्यांत मरतात हेंही लिहून ठेवलें होतें. हवेंत ओझोन फार झाला तर पडसें व श्वासनलिकेचा दाह यांची सांथ येत असेल काय, अशी शंकाही त्याला येत असे. तात्पर्य, ओझोन हा एकाच मनुष्याच्या लेखणींतून अमृत आणि विष अशा दोन्ही रूपांनीं जगापुढें आला; परंतु जगानें त्यांतील अमृत तेवढें उचललें.

इंग्लंडांतील समुद्रकांठच्या आरोग्यस्थानांनीं या अमृताचा चांगलाच सौदा केला. गिरण्यांच्या धुरांत वर्षभर कोंडलेला मनुष्य आठवडाभर समुद्रावर जावयाचा, तेथील खारट वासाचा दीर्घ श्वास घ्यावयाचा, आणि ‘ओझोन घेतला’ म्हणून समाधानानें परत यावयाचा. त्याला बरें वाटत असे यांत शंका नाहीं. विश्रांति, मोकळी हवा आणि फिरणें यांनीं कोणाला बरें वाटणार नाहीं? पण तो वास ओझोनाचा नव्हता. समुद्रांतील सूक्ष्म वनस्पति आणि जंतु यांच्या योगानें उत्पन्न होणाऱ्या डायमिथिल सल्फाइड नांवाच्या गंधकयुक्त वायूचा त्या वासांत मोठा भाग असतो. वीज पडली असतां ओझोनाच्या वासाला लोकांनीं गंधकाचा वास म्हटलें, आणि समुद्रावर गंधकयुक्त वायूच्या वासाला ओझोनाचा वास म्हटलें! नाकाची साक्ष किती भरंवशाची, याचा यापेक्षां बोलका पुरावा शोधावयास नको.

ओझोन कारखान्यांत तयार करण्याची वाट १८५७ सालीं जर्मन यंत्रज्ञ वेर्नर सीमेन्स यांनीं मोकळी केली. कांचेच्या दोन नळ्या एकींत एक बसवून त्यांच्या मधल्या फटींतून हवा सोडावयाची आणि त्या फटींत ठिणगी न पाडतां विजेचा निःशब्द प्रवाह वाहूं द्यावयाचा, अशी ती रचना होती. तिचा खरा उपयोग पाण्यासाठीं झाला. फ्रान्समधील नीस शहरानें १९०६ सालापासून पिण्याचें पाणी ओझोनानें निर्जंतुक करण्यास प्रारंभ केला, आणि ती पद्धति आज जगांतील अनेक शहरांत चालू आहे. येथें ओझोनाची जहाल वृत्ति कामास येते. बंद टाकींत तो भरपूर प्रमाणांत सोडतां येतो, जंतूंचा नाश करून तो स्वतःही थोड्या वेळांत नाहींसा होतो, आणि नळाशीं येणाऱ्या पाण्यांत मागें राहत नाहीं. टाकींत कोणी श्वास घेत बसलेलें नसतें, हा यांतील मुख्य मुद्दा होय.

परंतु जो वायु पाणी शुद्ध करतो तो हवाही शुद्ध करील, हा तर्क फारच मोहक होता. निकोला टेस्ला यांनीं १८९६ सालीं अमेरिकेंत ओझोन-यंत्राचें पेटंट घेतलें. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत घरें, नाटकगृहें, शाळा आणि इस्पितळें यांसाठीं ओझोन-यंत्रें विकलीं जाऊं लागलीं. लंडनच्या भूमीखालून धांवणारी सेंट्रल लंडन रेल्वे १९०० सालीं सुरू झाली होती. तेथील कोंदट हवेविषयीं उतारूंची कुरकुर होती. म्हणून १९११ च्या सुमारास वरची हवा गाळून व तिच्यांत ओझोन मिसळून ती स्थानकांत सोडण्याची योजना करण्यांत आली. त्याच वर्षीं लेनर्ड हिल व मार्टिन फ्लॅक या दोन शरीरशास्त्रज्ञांनीं ओझोनाच्या परिणामांची परीक्षा प्रसिद्ध केली. दहा लक्ष भाग हवेंत एक भाग ओझोन असला तरी श्वसनमार्गाला तो बाधतो, आणि १५ ते २० भाग असला तर दोन तासांत जिवावर बेतूं शकतें, असें त्यांना आढळलें. अत्यल्प प्रमाणांत मात्र कोंदट हवेचा नीरसपणा त्यानें कमी होतो व मनाला तरतरी वाटते, असेंही त्यांनीं म्हटलें. विक्रेत्यांना या निर्णयाचें शेवटचें वाक्य तेवढें आवडलें असल्यास नवल नाहीं.

या वादाचा खरा निकाल सप्टेंबर १९१३ मध्यें लागला. अमेरिकन वैद्यक मंडळाच्या नियतकालिकांत त्या महिन्यांत दोन निबंध शेजारीं शेजारीं आले. पहिला शिकागो विश्वविद्यालयाच्या जॉर्डन आणि कार्लसन यांचा. दुसरा कॅलिफोर्नियाच्या आरोग्य मंडळाच्या प्रयोगशाळेंतील विल्बर सॉयर, हेलन बेकविथ आणि ईडिथ स्कोलफील्ड यांचा. दोन्ही गटांनीं वेगवेगळे प्रयोग केले, परंतु अनुमानें जवळ जवळ एकच काढलीं. हवेंतील जंतु मारण्याइतका ओझोन खोलींत भरला तर जंतूंच्या आधीं माणसालाच इजा होते. आणि माणसाला सोसवेल इतक्या बेताचा ठेवला तर जंतूंना त्याचें कांहींच वाटत नाहीं. मग खोलींतील घाण वास जातो तो कसा? तो बहुतांशीं जात नाहीं. ओझोनाचा तीव्र वास त्याला झांकून टाकतो, आणि नाकाची गंध ओळखण्याची शक्तिही तो बधिर करतो. घाण जागच्या जागीं राहते; ती सांगणारा पहारेकरी तेवढा झोपीं जातो.

हा शेवटचा मुद्दा फार विचार करण्यासारखा आहे. कोंदट खोलींत शिरतांच नाक जें कुरकुरतें, तें उगाच नव्हे. ‘येथें हवा खेळत नाहीं, खिडकी उघडा’ असा तो निरोप असतो. निरोप्याचें तोंड बंद केल्यानें निरोपांतील संकट टळत नाहीं. उलट खिडकी उघडण्याची आठवणही राहत नाहीं. अशा रीतीनें ओझोन-यंत्र दुहेरी फसवणूक करतें. तें हवेंत एक दाहक पदार्थ नव्यानें सोडतें, आणि जुने पदार्थ गेल्याचा आभास निर्माण करतें. ‘नाकापेक्षां मोती जड’ ही म्हण अक्षरशः येथें लागू पडते.

१९१३ च्या या निकालानंतर ओझोन-यंत्रें इतिहासजमा व्हावयास हवीं होतीं. पण तसें झालें नाहीं. मात्र शास्त्राच्या दृष्टीनें ओझोनाची बाजू दिवसेंदिवस अधिकच लंगडी होत गेली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत, १९४३ च्या जुलै महिन्यांत, लॉस एंजल्स शहरावर एकाएकीं एक तपकिरी धुकें उतरलें. लोकांचे डोळे चुरचुरूं लागले, घसे दुखूं लागले. शत्रूनें विषारी वायु सोडला कीं काय, अशी भीति पसरली. पुढें हें धुकें वारंवार पडूं लागलें. त्याचें मूळ शोधून काढलें तें आरी हाखेन-स्मित या डच रसायनशास्त्रज्ञानें. गंमत अशी कीं, हा गृहस्थ मुळांत वासांचा आणि चवींचा अभ्यासक. अननसाला त्याची चव कोणत्या द्रव्यांनीं येते याचें संशोधन त्यानें केलें होतें. मोटारींचा धूर आणि तेलाच्या कारखान्यांतील वाफा यांच्यावर प्रखर ऊन पडलें म्हणजे त्यांतून ओझोन तयार होतो, आणि शहराला जाचणारा मुख्य शत्रु तोच, असें त्यानें १९५२ सालीं प्रसिद्ध केलें. रबराच्या ताणलेल्या पट्टीला ओझोनानें तडे जातात. या तड्यांवरून त्यानें हवेंतील ओझोन मोजला. ज्या वायूनें रबराला भेगा पडतात, तो मनुष्याच्या नाजुक फुप्फुसाला बलवर्धक असेल हें कोण मानील? ओझोनानें श्वासनलिका आकुंचन पावतात, त्यांच्या अस्तराचा दाह होतो आणि दमेकऱ्यांचा त्रास वाढतो, हें त्यानंतरच्या संशोधनानें पक्कें झालें आहे.

एकीकडे जमिनीवर ओझोनाची ही अपकीर्ति होत असतां दुसरीकडे आकाशांत त्याची कीर्ति वाढत होती. सूर्याच्या प्रकाशांतील घातक अतिनील किरण वातावरणांतील ओझोन अडवितो, हें १८८१ मध्यें हार्टली यांनीं ताडलें होतें, आणि १९१३ मध्यें फाब्री व ब्यूइसाँ या फ्रेंच शास्त्रज्ञांनीं त्याचा पक्का पुरावा दिला. या संशोधनांत भारताचाही वाटा आहे. हवामानखात्यांत अनेक वर्षें सेवा करून पुढें अहमदाबादच्या भौतिकी संशोधन संस्थेचे संचालक झालेले के. आर. रामनाथन् हे ओझोनाच्या अभ्यासांत जगन्मान्य होते, आणि फुग्यांतून आकाशांत पाठवावयाचीं ओझोन मोजण्याचीं भारतीय उपकरणें पुणें येथील हवामानखात्यांत तयार झालीं. १९८५ सालीं दक्षिण ध्रुवावरील ओझोनाचा थर विरळ झाल्याचें वृत्त आलें, १९८७ मध्यें मॉन्ट्रियलचा करार झाला, आणि ‘ओझोन वांचवा’ हा शब्द घरोघरीं पोंचला. त्यामुळें ओझोन म्हणजे कांहीं तरी चांगलें, असा समज दृढ झाला. परंतु तो थर जमिनीपासून साधारणपणें १५ ते ३५ किलोमीटर उंचीवर आहे. छप्पर डोक्यावर असलें म्हणजे तें रक्षण करतें. तेंच डोक्यावर कोसळलें तर त्याला रक्षण म्हणत नाहींत. पदार्थाचा गुण त्याच्या स्थानावर अवलंबून असतो, हें न ओळखल्यामुळें आकाशांतील ओझोनाची पुण्याई घरांतल्या यंत्राच्या नांवावर जमा झाली.

अमेरिकेंत विसाव्या शतकाच्या अखेरीस अशीं यंत्रें पुन्हां जोरानें खपूं लागलीं. जाहिरातींत ‘ओझोन’ हा शब्द कधीं असे, कधीं नसे. कोठें ‘सक्रिय प्राणवायु’ म्हणावयाचें, कोठें ‘वादळानंतरच्या निसर्गाची ताजी हवा’ म्हणावयाचें. टेनेसी राज्यांतील एका उत्पादकाचा व्यापारावर देखरेख ठेवणाऱ्या मध्यवर्ती आयोगाशीं झगडा झाला. आरोग्यविषयक दावे पुराव्यावांचून करूं नयेत, असा हुकूम १९९५ मध्यें निघाला. तो मोडल्याचा निर्णय १९९९ मध्यें ज्यूरीनें दिला, आणि २००१ मध्यें सुमारें १५ लक्ष डॉलर दंड झाला. हवेंत विद्युद्भारित कण सोडणाऱ्या दुसऱ्या एका प्रकारच्या यंत्रांनाही थोडाफार ओझोन सुटतो. अशा एका यंत्रानें हवा जवळ जवळ साफच होत नाहीं, असें तेथील ग्राहक संघाच्या मासिकानें लिहिलें, तेव्हां विक्रेत्या कंपनीनें संघावरच फिर्याद केली. ती फिर्याद २००४ मध्यें न्यायालयानें काढून टाकली.

दरम्यान रसायनशास्त्रज्ञांनीं आणखी एक गोष्ट उघडकीस आणली. घरांतील हवेंत ओझोन एकटा नसतो. फरशी पुसण्याच्या सुगंधी द्रव्यांत, लिंबाच्या व देवदाराच्या वासाच्या साबणांत जे सुवासिक पदार्थ असतात, त्यांच्याशीं ओझोनाचा संयोग झाला म्हणजे फॉर्माल्डिहाइड नांवाचा घातक वायु आणि अतिसूक्ष्म कण उत्पन्न होतात. नव्या गालिच्यांतून निघणाऱ्या वाफांशीं ओझोन मिसळला असतां नवे, कांहीं अधिकच त्रासदायक पदार्थ तयार होतात, हें १९९२ मध्यें अमेरिकेंतील प्रयोगांत दिसून आलें. उलट, कोळशाच्या शेगडींतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायु ओझोनानें खोलींतून हटत नाहीं. धूळही जागची हलत नाहीं. म्हणजे जें जाळावयास हवें तें जळत नाहीं, आणि जें निरुपद्रवी होतें त्यांतून उपद्रव निर्माण होतो. आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं, असा हा प्रकार आहे.

ओझोन किती थोडा असला म्हणजे पुरतो, याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध खात्यानें १९७४ सालीं वैद्यकीय म्हणून विकल्या जाणाऱ्या उपकरणांसाठीं मर्यादा घातली, ती दहा कोटि भाग हवेंत ५ भाग ओझोन अशी. भारतानें २००९ मध्यें बाहेरच्या हवेसाठीं आठ तासांची जी मर्यादा ठरविली ती घनमीटरास १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे जवळ जवळ तेवढीच आहे. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच अशा खोलींत सुमारें २८ घनमीटर हवा मावते. तेव्हां ही मर्यादा गांठावयास त्या सबंध खोलींत २.८ मिलिग्रॅम ओझोन बस्स होतो; साखरेच्या एखाद-दुसऱ्या दाण्याएवढें त्याचें वजन! बाजारांत मिळणारीं कांहीं यंत्रें ताशीं शेंकडों मिलिग्रॅम ओझोन सोडतात. भिंती, कपडे आणि फर्निचर त्यांतील बराचसा भाग शोषून घेतात हें खरें. तथापि दारें-खिडक्या लावलेल्या खोलींत उरलेला भाग मर्यादेच्या कितीतरी पुढें जाऊं शकतो. आणि खोली जितकी लहान, यंत्र जितकें ‘जोरदार’, तितका गिऱ्हाइकाचा तोटा अधिक.

अखेर कायद्यानें पाऊल टाकलें तें कॅलिफोर्नियांत. तेथील विधिमंडळानें २००६ मध्यें कायदा केला, आणि राज्याच्या वायु-संसाधन मंडळानें २००७ मध्यें नियम मंजूर केले. त्यान्वयें दहा कोटींत ५ भागांहून अधिक ओझोन सोडणारीं घरगुती हवाशुद्धीचीं यंत्रें २०१० पासून त्या राज्यांत विकण्यास बंदी झाली. ज्या मंडळानें हे नियम केले त्याचा पहिला अध्यक्ष, १९६८ सालीं, तो वासांचा अभ्यासक हाखेन-स्मित हाच होता. आणि ज्या राज्यानें हे नियम केले त्याच राज्याच्या प्रयोगशाळेनें १९१३ मध्यें या यंत्रांचें पितळ उघडें पाडलें होतें. प्रयोगशाळेंत सिद्ध झालेली गोष्ट बाजाराच्या दारापर्यंत पोंचण्यास चौऱ्याण्णव वर्षें लागलीं. मधल्या काळांत ज्यांनीं आपल्या आजारी माणसाच्या उशाशीं असें यंत्र मोठ्या आशेनें ठेवलें असेल, त्यांचा हिशेब कोणत्याच दप्तरांत सांपडावयाचा नाहीं.

२०२० सालीं कोरोनाची सांथ आली, तेव्हां भयभीत झालेल्या जगांत ओझोनाचीं यंत्रें पुन्हां दुकानांत दिसूं लागलीं. हॉटेलांतील किंवा जळलेल्या घरांतील रिकाम्या खोल्यांचा वास घालविण्यासाठीं ओझोन वापरतात; तेथें नियम असा कीं, यंत्र चालू असतां माणूस, पाळीव जनावर किंवा झाडाची कुंडीही आंत राहतां कामा नये, आणि नंतर खोली वाऱ्याला मोकळी सोडून मगच आंत जावें. ही एक अटच सर्व सांगून जाते. जें यंत्र चालू असतां खोलींत बसतां येत नाहीं, तें बसण्याच्या खोलीसाठीं केलेलें नाहीं.

मग घरांतील हवा शुद्ध कशी राखावी? याचें उत्तर नवें नाहीं. म्यूनिक येथील आरोग्यशास्त्राचे आचार्य माक्स फोन पेटेनकोफर यांनीं १८५८ च्या सुमारासच तें देऊन ठेवलें होतें. खोलींत उकिरडा असेल तर वारा घालून वास घालवीत बसूं नये, उकिरडाच उचलावा, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. माणसांच्या उच्छ्वासानें बिघडलेल्या हवेसाठीं त्यांनीं मापही सांगितलें. हजार भागांत एक भाग कार्बन डायॉक्साइड झाला म्हणजे हवा बदलण्याची वेळ आली. पहिल्यानें घाणीचें मूळ काढावें, मग हवा खेळती ठेवावी. या दोन पायऱ्या झाल्यावर जें उरेल त्यासाठीं यंत्र. शहरांत बाहेरचीच हवा धुरानें भरलेली असली म्हणजे खिडकी उघडणें नेहमींच शक्य नसतें, हें खरें. तेथें दाट तंतूंची गाळणी असलेलें यंत्र उपयोगी पडतें. अशा गाळण्या १९४० नंतरच्या दशकांत अमेरिकेच्या अणुसंशोधनांतील किरणोत्सर्गी धूळ अडविण्यासाठीं तयार झाल्या. उत्तम प्रतीची गाळणी मिलिमीटरच्या दहा हजारांश तीन भाग एवढ्या बारीक कणांपैकीं शेंकडा ९९.९७ कण अडविते. ती हवेंतून कांहीं काढून घेते. हवेंत कांहीं सोडीत नाहीं. गाळणी आणि ओझोन-यंत्र यांतील खरा भेद हाच आहे, आणि यंत्र विकत घेणाऱ्यानें दुकानदाराला प्रथम हाच प्रश्न विचारावयास पाहिजे.

स्वच्छ पाण्याला जशी चव नसते, तसा स्वच्छ हवेला वास नसतो. ही इतकी साधी गोष्ट पटण्यास मनुष्याला जड जातें. कारण पैसे मोजल्यावर त्याला हातीं कांहीं तरी लागलेलें हवें असतें, आणि वास म्हणजे त्या पैशांची पावतीच वाटते. शोनबाइननें १८४० सालीं जें नांव दिलें, त्यांतच खरी सूचना होती. ओझोन म्हणजे ज्याला वास येतो तो. ज्या हवेंत तो वास येऊं लागला, ती हवा शुद्ध झालेली नसते. तिच्यांत एक पाहुणा शिरलेला असतो. त्या पाहुण्याला घरांत ठेवून घेण्यापेक्षां, त्याला वाट मोकळी करून देण्यासाठीं खिडकी उघडणें हेंच शहाणपणाचें होय.